लाल कार्डाच्या चौघी

तारीख १, गुरुवार

आज सकाळी अकरा वाजता आम्हाला आत कोंडलं. कोंडलं असं कुणी म्हणत नाही. मोठे साहेब फोनवर म्हणाले, "काही दिवस आतच राहावं लागेल, सहकार्य करा." मी म्हटलं, किती दिवस ते सांगा, मी अंगावरच्या कपड्यांनिशी आलेय. एकवीस तारखेपर्यंत, म्हणाले. जसं काही एकवीस मिनिटंच.

झालं असं की शेजारच्या इमारतीतल्या उंदरांना कसला तरी रोग लागला. माणसाला त्याने काही होत नाही, पण तो माणसाच्या कपड्यांवरून आणि बुटांवरून पसरतो. मग हुकूम निघाला. बाहेरच्याने आत यायचं नाही. आतला बाहेर गेला तर त्याने परत यायचं नाही. त्या घडीला आमच्या प्राणीघरात दोघीच होतो. मी, म्हणजे पिंजरे धुणारी, आणि डॉक्टरीण, जी उंदरांवर औषधं तपासते. बाकी सगळे चहाला गेले होते, ते सुटले. मी गेले नव्हते, कारण मागच्या आठवड्यात त्या चहावाल्याशी माझं वाजलं होतं. भांडण असं महागात पडतं.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुम्हाला जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण मग चाळीस पिंजरे मी एकटी कशी बघू?" अडवणार नाही म्हणत दारात उभी राहिली होती.

राहिले. घरी तरी काय आहे? माझी खाट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या वाटेत आहे. जो तो मला ओलांडून अंघोळीला जातो. सुनेला भांड्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणजे मी केलेला. इथे निदान माझ्या मालकीचं एक लोखंडी कपाट आहे, चावीसकट.

ही वही मेलेल्या उंदरांची नोंद करायची जादा वही आहे. रकाने आखलेत: तारीख, पिंजरा, संख्या, कारण. मी रकाने सोडून आडवं लिहिते. माझं शिक्षण चौथी, त्यात तिसरी दोनदा. लिहिलेलं कोण वाचायला बसलंय? पण आत मोबाईल चालत नाही, भिंतीवर एक फोन आहे तो साहेबांच्या कामाचा, आणि डॉक्टरीण दिवसाला दहा शब्द बोलते. न बोलता राहिले तर माझं डोकं फुटेल.

तारीख २, शुक्रवार

जेवण पेटीतून येतं. भिंतीत बसवलेली स्टीलची पेटी आहे, एक दार बाहेरच्या बाजूला, एक आमच्या. दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत. बाहेरून डबा ठेवला, दार लावलं, आत दहा मिनिटं निळा दिवा पेटतो, मग आमचं दार सुटतं. तोवर जेवण थंड. त्या निळ्या दिव्याने जंतू मरतात म्हणे. चव पण मरते.

खिडकी एकही नाही. हवा छतातून येते, एका ठरलेल्या थंडीची. दिवे सकाळी सहाला आपोआप लागतात आणि संध्याकाळी सहाला आपोआप जातात, उंदरांच्या सोयीने. आम्ही टॉर्च घेऊन जेवतो. बाहेर ऊन आहे की ढग हे कळत नाही. मी आत्तापर्यंत समजत होते की पिंजऱ्यात उंदीर आहेत.

डॉक्टरीण पुस्तकांच्या खोलीत झोपते, मी कपड्यांच्या. ती घोरते. एवढी बारीक मुलगी आणि आवाज पाणी उपसायच्या मोटरचा. सकाळी सांगितलं तर म्हणाली, "आजी, तुम्ही झोपेत शिव्या देता." कुणाला, विचारलं. "नाव नाही घेत. पण मनापासून देता."

तारीख ४, रविवार

इथे रविवारीही तेच. भुसा काढा, पिंजरे वाफेच्या मशीनमध्ये घाला, नवा भुसा, बाटल्या, दाणा.

आज मी तिला सरळ विचारलं, या काळ्या उंदरांना एवढं काय सोनं लागलंय की माणसं कोंडून घ्यावीत? बाटल्या घासता घासता विचारलं. ती सांगत बसली. निम्मं कानात गेलं, निम्मं पाण्यात.

गेलं तेवढं लिहिते. रक्त पातळ ठेवायचं एक इंजेक्शन असतं. हजारो लोकांना ते तारतं. पण एखाद्याचं अंग त्या औषधालाच वैरी समजतं. औषध रक्तातल्या बारीक कणांना जाऊन चिकटतं, त्यांना प्लेटलेट म्हणतात, जखम बुजवायचं काम त्यांचं. अंग मग त्या प्लेटलेटवरच तुटून पडतं. त्या झपाट्याने कमी होतात, आणि असतात त्या बिथरून नसेतल्या नसेत गाठी करतात. म्हणजे रक्त पातळ करायला गेले आणि गोठवून बसले. मी म्हटलं, भांडण सोडवायला गेलेल्याला दोन्हीकडून मार. "तसंच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

आता एक नवं इंजेक्शन आलंय. कंपनी म्हणते त्यात हा दोष नाही. ते खरं की खोटं हे माणसावर करून बघायचं नसेल तर उंदीर लागतो. पण साध्या उंदराच्या प्लेटलेटला हा आजार होतच नाही. म्हणून माणसाची दोन जनुकं घातलेले उंदीर वाढवले. त्यांच्या पिंजऱ्याला लाल कार्ड. साध्यांना पांढरं. दिसायला दोन्ही काळे, सारखे, त्यांची आईही ओळखणार नाही.

कामाचे पिंजरे चारच, दोन ते पाच नंबर, प्रत्येकात चार माद्या. दोन आणि तीनला जुनं औषध, चार आणि पाचला नवं. दोन आणि चार लाल, तीन आणि पाच पांढरे. बाकीचे पिंजरे पैदाशीचे, या लाल जातीचे. दुसरीकडे कुठे नाहीत म्हणे.

मला विचाराल तर उंदीर उंदीरच. लाल असो, पांढरं असो, भुसा सारखाच घाण करतात.

तारीख ५, सोमवार

आज मी नसते तर आठ जीव गेले असते, आणि कौतुकाचा एक शब्द नाही.

सकाळी दिवे लागले तशी आत गेले, तर चार आणि पाच नंबरच्या बाटल्या रिकाम्या आणि खाली तळं. बाटलीच्या तोंडाला रबरी चकती असते, ती झिजली की थेंब थेंब गळून सगळं पाणी पिंजऱ्यात. महिनाभर सांगतेय चकत्या बदला म्हणून. दोन्ही पिंजऱ्यांत भुशाचा चिखल, आणि माद्या भिजून, थरथरत, एकमेकींवर चढून बसलेल्या. भिजलेला उंदीर गारठ्याने तासाभरात जातो.

डॉक्टरीण अंघोळीला गेलेली. मी हाका मारत बसले नाही. मोठा टब घेतला, कोरडे टॉवेल घातले, आठही जणी एकदम त्यात टाकल्या, वर दिवा धरला. टॉवेलच्या टोकाने एकेकीची पाठ चोळली. अर्ध्या तासात सगळ्या ताठ उभ्या राहून मिशा साफ करायला लागल्या.

मग परत भरल्या, आणि उगाच कशाही नाही कोंबल्या. प्रत्येक पिंजऱ्यातल्या चौघींना ओळखायला कानाला खूण असते. एकीचा उजवा कान कातरलेला, एकीचा डावा, एकीचे दोन्ही, एकीचे दोन्ही शाबूत. हे मला पाठ आहे. टबातून एक उचलायची, कान बघायचा. उजव्या कानाच्या दोन निघाल्या, एक इकडे घातली, एक तिकडे. डाव्याच्या दोन, एक इकडे, एक तिकडे. असं करत दोन्हीकडे चारही खुणा बरोबर बसल्या. चारला लाल कार्ड लावलं, पाचला पांढरं. इतकं नेटकं तर ती शिकलेली पोरंही करत नाहीत.

डॉक्टरीण केस पुसत आली. म्हटलं, बाटल्या गळाल्या होत्या, दोन पिंजरे बदलले. "सगळ्या ठीक?" ठणठणीत. "थँक्यू आजी," म्हणाली आणि कागदात डोकं घातलं. मी नोंदवहीत लिहिलं: बाटली गळती, पिंजरे बदलले, मृत्यू नाही.

तारीख ६, मंगळवार

इंजेक्शनं झाली. ती कान बघते, नंबर सांगते, मी उंदीर पुढे करते. एकही खूण चुकलेली नव्हती. मनात म्हटलं, चुकेल कशी?

नातीचा फोन आला होता. साहेबांच्या कृपेने पाच मिनिटं. विचारते, "आजी, उंदरांना नावं ठेवलीस का?" म्हटलं, नावं ठेवायला माणसं पुरतात मला.

तारीख ८, गुरुवार

आज संध्याकाळी चहा घेताना तिने विचारलं, आजोबा कधी गेले. सहा वर्षं झाली, सांगितलं. कशाने? मी म्हटलं, पाय मोडला होता. घसरून पडले, दवाखान्यात हाड बसवलं, चांगलं बसलं. आडवं पडून रक्त साकळू नये म्हणून रोज पोटात एक बारीक सुई द्यायचे. सातव्या दिवशी पाय निळा पडला. मोडलेला नाही, चांगला. नवव्या दिवशी तो कापला, अकराव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. एकसष्टाव्या वर्षी कसलं वय होतं? त्यांना तर जिना चढताना शीळ घालायची सवय होती, ऐकणाऱ्याला त्रास, पण दम असल्याशिवाय कुणी शीळ घालतं का?

"कितव्या दिवशी म्हणालात?" तिने विचारलं.

सातव्या.

"तेव्हा रक्त तपासलं होतं का? प्लेटलेट किती होत्या?"

मला काय ठाऊक. मी डबा पोचवायला जायचे.

तिने कप खाली ठेवला, अर्धा भरलेलाच. तरुण माणसांना मरणाच्या गोष्टी झेपत नाहीत. मी विषय बदलला, वाफेच्या मशीनचं दार घासतंय ते सांगितलं.

तारीख ९, शुक्रवार

काहीतरी बिनसलंय. तिचं रक्त मोजायचं मशीन काल दुपारपासून चालू आहे, आणि ती तेच तेच थेंब पुन्हा घालून बघते.

जुन्या औषधाच्या पिंजऱ्यांत ठरल्याप्रमाणे झालं. दोन नंबरच्या लाल चौघींच्या प्लेटलेट ढासळल्या. तीनच्या पांढऱ्या चौघी मजेत. नव्या औषधाचं मात्र काही सरळ नाही. चार नंबरच्या लाल पिंजऱ्यात दोघी आजारी, दोघी धडधाकट. आणि पाच नंबरच्या पांढऱ्या पिंजऱ्यात पण दोघी आजारी. त्यातली डाव्या कानाची आज सकाळी मेली. पंजे काळसर, तोंड उघडं. मी वहीत लिहिलं: पाच, एक, कारण अज्ञात. कारण अज्ञात हे मला छान लिहिता येतं.

डॉक्टरीण जेवली नाही. डबा परत पेटीत ठेवला, तर पेटीने तोही निळा करून घेतला.

तारीख १०, शनिवार

मोठ्या साहेबांचा फोन. भिंतीवरचा फोन मोठ्याने बोलतो, म्हणजे मला ऐकण्यासाठी कान लावावा लागला नाही.

साहेब म्हणाले, "दोन्हीकडे सारखेच आजारी आहेत. म्हणजे औषधात तो दोष नाही. दोष असता तर फक्त लाल आजारी पडले असते."

ती म्हणाली, "मग पाच नंबरची मेली कशाने?"

"शेजारचा रोग आत आलाय, दुसरं काय? बुधवारी सगळे संपवा. पैदाशीच्या जोड्यांसकट. इमारत धुऊन काढू."

"सर, रोगाच्या तपासणीचा अहवाल यायला दहा दिवस आहेत."

"दहा दिवसांत तो तिसऱ्या इमारतीत शिरला तर उत्तर कोण देणार, तुम्ही? आणि कंपनीला मी कळवतो, औषध या दोषातून सुटलं म्हणून. ते वाट बघतायत."

फोन ठेवल्यावर ती पिंजऱ्यांपुढे उभी राहिली. चार वर्षं लागली आहेत तिला ही जात वाढवायला, पहिल्या दोन जोड्यांपासून. मग माझ्याकडे वळली. "आजी, या पिंजऱ्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावला होता?"

मी म्हटलं, हात लावायला इथे आहे कोण? तुम्ही आणि मी.

"ते झालंच," ती म्हणाली.

तारीख ११, रविवार

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, बाई, उंदरांचं काय एवढं, लाल मेली काय, पांढरी मेली काय. कुणाचा कुठला आजार कसा सांगावा?

ती म्हणाली, "आजी, पांढऱ्या कार्डवालीला हा आजार होऊच शकत नाही. जो दरवाजाच नाही त्यातून चोर कसा येईल? मी मेलेलीच्या फुप्फुसात बघितलं. गाठीच गाठी. हुबेहूब हाच आजार. आणि ती पांढऱ्या पिंजऱ्यातली आहे. एक तर माझं चार वर्षांचं काम चुकीचं आहे, नाही तर साहेब म्हणतात तसा हा कसला तरी भलताच रोग आहे. दोन्हींत मी मेले."

मी भुसा भरत होते. हात तिथेच राहिला.

पांढरीला होऊच शकत नाही. मग जिला झाला ती पांढरी नव्हती.

एवढंच लिहिते. आज लवकर पांघरूण घेते, थंडीने.

तारीख १२, सोमवार

थंडीने नाही.

टबात आठ होत्या. उजव्या कानाच्या दोन. एक चारची, एक पाचची. मी एक इकडे घातली आणि एक तिकडे. कुठली कुठे हे मी बघितलंच नाही, कान बघितला. कान बरोबर बसले म्हणून मान ताठ करून फिरत होते आठवडाभर.

आता सांगावं की नाही याचा विचार काल दुपारपासून चाललाय. न सांगण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि सगळी चांगली आहेत. एक, परवा सगळे उंदीर जाणारच आहेत, मेल्यावर कोण विचारतं कुठली कुठली. दोन, मला काढतील. काढलं की मी पुन्हा त्या वाटेतल्या खाटेवर, चोवीस तास, आणि सून माझ्यावरून अंघोळीला. इथली चावी परत द्यावी लागेल. तीन, ती पोरगी माझ्याकडे बघणार नाही, आणि आतमध्ये बघायला दुसरं कुणी नाही. चार, मला कुणी शिकवलं का? झाडू हातात दिला आणि म्हणाले, आजी, पिंजरे स्वच्छ ठेवा. ठेवले.

सांगण्याचं कारण एकच सापडतं आणि ते सारखं सापडतं. साहेब कंपनीला कळवणार, औषध सुटलं. मग ते औषध बाटलीत भरणार, आणि ती बाटली कुठल्यातरी दवाखान्यात, कुठल्यातरी पाय मोडलेल्या माणसाच्या उशाला.

आज तिने उंदीर संपवायची गॅसची पेटी धुऊन ठेवली. बुधवारसाठी. मला म्हणाली, "आजी, पेटी कोरडी करून ठेवाल?" केली. आरशासारखी केली. कामात माझा हात कुणी धरणार नाही.

आत सगळीकडे दारं आहेत आणि एकही बाहेर जात नाही.

तारीख १३, मंगळवार

सांगितलं.

ती टेबलाशी यादी करत होती, कुठला पिंजरा आधी, कुठला नंतर. मी हात पुसत उभी राहिले. म्हटलं, पाच नंबरमधली मेली ती पाचची नसेल.

"म्हणजे?"

म्हणजे चारची असेल. मला ठाऊक नाही. मग बाटल्यांपासून टबापर्यंत सगळं सांगितलं, कानांसकट.

ती पेन खाली न ठेवता ऐकत होती. "तुम्ही आठही जणी एका टबात ठेवल्या."

हो.

"आणि कान बघून वाटून टाकल्या."

हो. चारही खुणा बरोबर बसवल्या.

"हो, बरोबर बसल्या म्हणून तर मला दिसलं नाही." मग म्हणाली, "मी शनिवारी विचारलं होतं तुम्हाला."

तुम्ही विचारलंत, कुणी हात लावला. मी म्हटलं, तुम्ही आणि मी. खोटं नव्हतं ते.

"आजी, बाहेर जा."

बाहेर कुठे जाऊ?

तिला स्वतःला कळेना. "धुण्याच्या खोलीत जा," म्हणाली.

गेले. धुतलेले पिंजरे पुन्हा धुतले. दोन तासांनी ती दारात आली. डोळे लाल होते पण आवाज कामाचा होता. "त्या आठही जणींच्या कानाचा एकेक बारीक तुकडा लागेल. मेलेलीचा पण, ती फ्रीजमध्ये आहे. तुकड्यावरून कळतं कुणात माणसाचं जनुक आहे, कुणात नाही. तुम्ही धरा, मी कापते. आणि या वेळी एक उंदीर, एक नळी, मोठ्याने नंबर. मी म्हणेपर्यंत दुसऱ्या पिंजऱ्याचं झाकण उघडायचं नाही."

नाही उघडलं.

तारीख १४, बुधवार

मशीनला सहा तास लागतात. सकाळी आठला साहेबांचा फोन आला, संपवायला सुरुवात केली का? ती म्हणाली, "दुपारी सांगते, सर." ते ओरडले. तिने फोन ठेवून दिला. मी तिला असं करताना पहिल्यांदा बघितलं. मलाच घाम फुटला.

दुपारी दोनला तिने कागद काढला. मला शेजारी बसवलं, बोट ठेवून दाखवलं. लाल पिंजऱ्यातल्या चौघींत दोघी साध्या निघाल्या, पांढऱ्या पिंजऱ्यातल्या चौघींत दोघी माणसाच्या जनुकाच्या. नव्या औषधाने आजारी पडल्या त्या चौघीही जनुकाच्या, एकूणएक. आणि ठणठणीत राहिल्या त्या चौघी साध्या.

"म्हणजे रोग आत आलेला नाही," मी म्हटलं.

"नाही."

"आणि औषध?"

"जुन्यासारखंच आहे," ती म्हणाली. "चारात चार."

तिला आनंद झाला की काय झालं मला कळलं नाही. तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली. पैदाशीच्या जोड्या वाचल्या. कामाच्या पंधरा जणी मात्र संध्याकाळी गेल्याच. तपासणी संपली की मारायच्याच असतात, आतून बघायला. मी धरल्या. टॉवेलने चोळून ऊब दिलेल्या त्याच. त्याचं काही वाटून घ्यायचं तर हे काम करू नये.

तारीख १५, गुरुवार

साहेबांना लेखी हवं. काय चूक झाली, कुणाकडून, सही. तिने चुका नोंदवायची वेगळी वही पुढे ठेवली, पेन दिलं. म्हणाली, मी सांगते तसं लिहा. मी म्हटलं, मला लिहिता येतं.

लिहिलं ते असं: सोमवार तारीख पाचला बाटल्या गळून चार आणि पाच नंबरचे पिंजरे भिजले. मी आठ माद्या एका टबात ठेवल्या आणि कानाची खूण बघून परत वाटल्या. कुठली कुठल्या कार्डाची हे बघितलं नाही. असं करू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. शनिवारी मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं नाही. रविवारी मला कळलं आणि मी मंगळवारी सांगितलं.

तिने वाचलं. शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं. "हे नको, आजी. नुसती चूक असेल तर ताकीद देतील. कळल्यावर दोन दिवस गप्प बसलात हे दिसलं तर काढतील. पान फाडा, दुसऱ्या पानावर लिहा."

त्या चुकांच्या वहीचं पान फाडायचं नाही आणि खोडायचं नाही, असं पहिल्या दिवशी तिनेच मला बजावलं होतं. चुकलं तर चुकलेलं दिसलं पाहिजे, म्हणून पानांना छापील नंबर आहेत. मी तिला ते म्हटलं नाही. तिलाही माहीत होतं, माझ्याकडे बघत नव्हती ती.

सही केली. सहीत माझं आडनाव दरवेळी वर जातं, ते आजही गेलं.

तारीख १६, शुक्रवार

साहेबांचा फोन सकाळीच. कंपनीला कळवलंय, म्हणाले, औषध पुढे जात नाही. आवाज असा की जणू औषध त्यांच्याच घरचं होतं. सगळं पुन्हा एकदा करून दाखवायचंय, नव्या माद्यांवर, तेव्हा कागदाला वजन येईल. मग माझ्यावर आले.

"त्या बाईला एक दिवसही आत ठेवू नका."

डॉक्टरीण म्हणाली, "ठीक आहे. मग पिंजरे कोण धुणार?"

"दुसरं कुणी पाठवतो."

"बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही, सर. तुमचाच हुकूम आहे."

 मग साहेब म्हणाले, "एकवीसपर्यंत राहू द्या. एकवीसला काढा."

असं मला कामावरून काढलं, आणि बाहेर सोडलं नाही. मी डॉक्टरणीला म्हटलं, आजपासून मी तुमचं ऐकायला बांधील नाही. ती म्हणाली, "आधी कधी ऐकलंत?" आणि मग आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच हसलो. ती आधी थांबली.

दुपारी मीच घरी फोन लावला. सुनेला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

"आई, एकवीसला सुटताय ना?" ती म्हणाली.

येते, म्हटलं.

"जेवायला की राहायला?"

राहायला. काढलं मला.

मागे कुकरची शिट्टी झाली. "काय केलंत?"

उंदीर मिसळले.

"एवढंच?"

एवढंच नाही, पण पाच मिनिटं संपत आली होती. म्हटलं, आल्यावर सांगते. ती बरं म्हणाली. नुसतं बरं. मला वाटलं होतं आणखी काही म्हणेल, त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

फोन ठेवला. बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. आता मी एका वेळी एकच झाकण उघडते, कार्ड मोठ्याने वाचते, ती पलीकडून "हो" म्हणते, मग पुढचं. सगळ्या पिंजऱ्यांना संध्याकाळ होते. होऊ दे. जायचंय कुठे?